कान धरणारी माणसं

पीटर जॅक्सनची 'गेट बॅक' ही बीटल्सवरची डॉक्युमेंटरी २०२१ मध्ये आली. लांबी जवळजवळ आठ तास. जानेवारी १९६९ मध्ये चार जण नवीन अल्बम करायला एकत्र बसलेत आणि कॅमेरा नुसता चालू आहे, एवढंच त्यात आहे. पॉल जॉर्जला सांगतो की असं नाही, तसं वाजव. जॉर्ज ऐकून घेतो, ऐकून घेतो, आणि १० जानेवारीला उठून सरळ निघून जातो. काही दिवसांनी परत येतो. मग बिली प्रेस्टन नावाचा पाहुणा की-बोर्डवर येऊन बसतो, आणि घरात पाहुणे आले की भांडणारे भाऊ जसे शहाण्यासारखे वागायला लागतात तसे हे चौघे वागायला लागतात. अल्बम मे १९७० मध्ये बाजारात आला तेव्हा बँड फुटलेला होता.

हे सगळं बघताना माझ्या डोक्यात मात्र लिव्हरपूल नव्हतं, गंधर्व नाटक मंडळी होती. कारण ही गोष्ट आपल्याकडे १९६९ च्या पन्नासेक वर्षं आधी होऊन गेली आहे. तीच माणसं म्हणा ना! एक गळा, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात. एक चाली करणारा, ज्याच्याशिवाय तो गळा काय गाणार हा प्रश्नच आहे. आणि एक तिसरा, जो गात नाही पण ज्याच्याशिवाय खेळ उभा राहत नाही.

नाटक कंपनीला बँड म्हणणं ओढून-ताणून वाटेल, पण जरा विचार करा. मालक म्हणजेच कलाकार. वर्षभर गावोगाव दौरा. दर एक-दोन वर्षांनी नवीन नाटक, त्यात पन्नासेक पदं, सगळी नव्या चालींची. म्हणजे आजच्या हिशोबाने चार-पाच अल्बम एकदम. नाटकातली पदं पुढे ग्रामोफोनच्या तबकडीवर निघायची, एका बाजूला तीनेक मिनिटं. लोक त्या चाली पाठ करायचे, घरी गायचे, आणि कुठली कंपनी भारी यावर वाद घालायचे. आता याला बँड नाही तर काय म्हणायचं?

मी जळगावचा. आमच्या गावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. लहानपणी मला वाटायचं की मोठ्या माणसाचं नाव कुठेही देतात, तसं दिलं असेल. पण तसं नाही. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा (जन्म १८८८) शाळेसाठी जळगावात राहिला होता, आणि इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकला. 'बालगंधर्व' हे नाव टिळकांनी दिलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जळगावच्या मेहबूबखाँचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. शिकवणारे मागे राहतात आणि गाणारे पुढे दिसतात, हा प्रकार या गोष्टीत सुरुवातीपासूनच आहे.

१९०५ मध्ये हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. मराठी संगीत नाटकाची ही मूळ कंपनी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' करून तिची सुरुवात केली होती. पण १९०१ मध्ये कंपनीचा मोठा गायक नट भाऊराव कोल्हटकर गेला आणि कंपनीला गळाच उरला नाही. नारायणरावांनी शकुंतला केली आणि ती पोकळी भरून निघाली. इथे एक माणूस लक्षात ठेवा: गोविंद बल्लाळ देवल. 'शारदा' लिहिणारे. ते कंपनीच्या तालमी घेत. मुलगा गातो छान, पण बोलायचं कसं, उभं कसं राहायचं, कुठे थांबायचं हे त्याला कळत नव्हतं. ते देवलांनी बसवलं. देवल शिस्तीचे होते आणि गळा कितीही गोड असला तरी तालमीत त्याला सूट नव्हती.

आता येऊ 'मानापमान'कडे. माझ्या मते हा त्या काळातला सगळ्यात धाडसी अल्बम. पहिला प्रयोग मुंबईला, १२ मार्च १९११.

यात एकत्र आलेली माणसं बघा. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. टिळकांच्या 'केसरी'तला जहाल माणूस, ज्याचं 'कीचकवध' सरकारने १९१० मध्ये बंद केलं. तोपर्यंत त्यांनी गद्य नाटकंच लिहिली होती, 'मानापमान' हे त्यांचं पहिलं संगीत नाटक. चाली द्यायला गोविंदराव टेंबे, कोल्हापूरचे, हार्मोनियम वाजवण्यात नाव काढलेले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला साथ केलेला माणूस. धैर्यधराच्या भूमिकेत कंपनीचे एक मालक नानासाहेब जोगळेकर. लक्ष्मीधर गणपतराव बोडस, म्हणजे गद्य नटांमधला पहिल्या फळीतला माणूस. आणि भामिनी बालगंधर्व.

त्याआधी संगीत नाटकाचा आवाज वेगळा होता. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकात साकी, दिंडी, कर्नाटकी वळणाच्या चाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या. टेंब्यांनी तिसरीच दिशा पकडली. उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरी या ढंगातल्या चाली त्यांनी मराठी नाटकात आणल्या. रॉकच्या भाषेत सांगायचं तर बँडचं साउंडच बदललं.

आणि इथे खरी कुस्ती आहे. चाल आधी, शब्द नंतर. म्हणजे टेंबे चाल आणणार आणि खाडिलकर त्या मापात शब्द बसवणार. खाडिलकरांचं गाण्याशी नातं ऐकणाऱ्याचं. त्यामुळे त्यांच्या पदांमध्ये शब्द कधीकधी आडवेतिडवे पडतात, अर्थ लावायला दोनदा वाचावं लागतं. ही टीका त्यांच्यावर पुष्कळ झालेली आहे, आणि ती खोटी नाही. पण त्याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. नाटककार चालीपुढे नमला म्हणून चाली मोकळ्या राहिल्या. आणि चाली करणारा कथानकापुढे नमला म्हणून पन्नास पदं असूनही नाटक नाटकच राहिलं. मध्ये बोडसांचा लक्ष्मीधर लोकांना हसवत होता, म्हणजे गद्यानेही आपली जागा सोडली नव्हती. कुणालाच सगळं आपल्या मनासारखं मिळालं नाही. माझ्या मते 'मानापमान' शंभर वर्षांच्या वर टिकलं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनी प्रयोग केला. हा किस्सा त्यांच्या निष्ठेचा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. मला त्यात आणखी एक दिसतं. एका माणसाच्या गळ्यावर किती लोकांची पोटं अवलंबून होती, हे त्या दिवशी त्या माणसाला पक्कं माहीत होतं. फ्रंटमन असणं म्हणजे नुसता हार-तुरा नव्हे.

१९११ मध्येच जोगळेकर वारले. मालकांमधलं जे संतुलन होतं ते गेलं. व्यवस्थापन शंकरराव मुजुमदारांच्या हाती, आणि ज्यांच्या नावावर तिकिटं खपत होती त्यांची धुसफूस वाढत गेली. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस तिघेही बाहेर पडले आणि त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मूळ प्रोजेक्टचा सगळा कोड घ्यायचा, नवीन नावाने रिपॉझिटरी काढायची, आणि बहुतेक चांगले लोक तिकडे निघून जायचे. यांचाही कोड तोच होता: तीच नाटकं, त्याच चाली, तोच गळा.

पण नाव बघा. तिघे मालक, नाव एकाचं.

नावात काय आहे असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणतो, कंपनीच्या नावात सगळं असतं. तिघांना काय हवं असणार ते बघू. बालगंधर्वांना गायचं होतं, आणि प्रेक्षक 'वन्समोअर' म्हणतील तितक्यांदा गायचं होतं. एकेक पद दोनदा, तीनदा. नाटक रात्रभर चालून पहाटे संपायचं. टेंब्यांची मुख्य ओळख चाली देणारा ही होती, पण ते स्वतः रंग लावून रंगमंचावर उभे राहणारे, लिहिणारे, वाजवणारे, विचार करणारे सबंध कलावंत होते. आणि बोडस गद्य नट. नायिका तिसऱ्यांदा तीच जागा घेत असताना रंगमंचावरच्या गद्य नटाने काय करायचं? नुसतं उभं राहायचं. दोन मिनिटांपूर्वी मेहनतीने तापवलेला प्रसंग डोळ्यांसमोर थंड होताना बघायचा. हे एका रात्रीचं नाही, वर्षानुवर्षांचं.

टेंबे काही वर्षांतच बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची 'शिवराज नाटक मंडळी' काढली. फोर्कचा फोर्क. १९१६ मध्ये गंधर्व मंडळीचं 'स्वयंवर' आलं तेव्हा चाली टेंब्यांच्या नव्हत्या, भास्करबुवा बखल्यांच्या होत्या. आणि बुवांनी पुन्हा साउंड बदललं. ठुमरी-दादऱ्याच्या जागी रागदारी बंदिशींचा पाया. भूप, यमन, बिहाग, भीमपलास, सगळे राग रुक्मिणीच्या तोंडून. तबल्याच्या आणि सारंगीच्या साथीला या मंडळीत पुढे अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष यांच्यासारखे उस्ताद बसले. असा लाइन-अप आज कुठल्या बँडकडे आहे सांगा!

'स्वयंवर' इतकं चांगलं का झालं? माझं उत्तर असं की टेंब्यांच्या जागी जो माणूस आला तो बालगंधर्वांच्या गुरुस्थानी होता. टेंबे बरोबरीचे, भागीदार. बरोबरीच्या माणसाने चूक दाखवली की ती लागते. गुरूने दाखवली की माणूस मान खाली घालतो आणि पुन्हा गातो. बिली प्रेस्टनचं जे झालं तेच थोडंफार. बाहेरचा, मानाचा माणूस खोलीत आला की खोली सुधारते.

त्याच वर्षी देवलांचं 'संशयकल्लोळ' संगीत रूपात मंडळीने आणलं. त्यातला फाल्गुनराव म्हणजे बोडस हे समीकरण झालं. गाणाऱ्यांच्या कंपनीत एका गद्य भूमिकेने बाजी मारावी ही लहान गोष्ट नाही. पण हे बघायला देवल नव्हते. ते जून १९१६ मध्येच गेले.

मग 'एकच प्याला'. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्याला पहिला प्रयोग झाला. सुधाकर बोडस, सिंधू बालगंधर्व. या नाटकाचा सगळा जीव गडकऱ्यांच्या गद्यात. पदं गडकऱ्यांची नाहीतच, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि चालींसाठी मदत झाली ती मुंबईच्या सुंदराबाईंची. म्हणजे नाटक एकाचं, पदं दुसऱ्याची, चाली तिसरीच्या. आणि रंगमंचावर एका बाजूला दारूत बुडत चाललेला बोडसांचा सुधाकर, दुसऱ्या बाजूला बालगंधर्वांची सिंधू. गद्य आणि गाणं अशी सरळ समोरासमोर आणि तोलामोलाची लढत मला दुसऱ्या नाटकात दिसत नाही. 'मानापमान'मधली रस्सीखेच पुन्हा एकदा कामाला आली.

पुढे बोडसही बाहेर पडले. १९२२ मध्ये भास्करबुवा गेले.

आता जरा यादी करा. देवल गेले. टेंबे गेले. बोडस गेले. भास्करबुवा गेले. कोणी कंपनीतून, कोणी जगातून. बालगंधर्वांचा कान धरू शकेल अशी जी तीन-चार माणसं होती, ती दहा वर्षांच्या आत संपली. उरले ते 'देवा, देवा' म्हणणारे. १९२० मध्ये 'द्रौपदी' आलं. मयसभेचा देखावा, भरजरी कपडे, पाण्यासारखा पैसा ओतलेला. मंडळी कर्जात बुडाली आणि ते कर्ज पुढे वर्षानुवर्षं मानेवर राहिलं. गाणं तेव्हाही अप्रतिमच होतं, तो मुद्दाच नाही. पण एवढा खर्च नको, असं ठासून सांगणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा भागीदार उरला नव्हता.

याला अपवाद म्हणून एकच रात्र सांगतो. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन फ्रंटमन एका रंगमंचावर. त्या रात्री बालगंधर्वांसमोर पुन्हा बरोबरीचा माणूस होता, आणि ती रात्र लोक अजून विसरलेले नाहीत. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले.

'कान धरणारा' माणूस पुन्हा एकदा भेटला तो सिनेमात. १९३५ मध्ये 'प्रभात'बरोबर बालगंधर्वांनी 'धर्मात्मा' केला, एकनाथांची भूमिका. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गंमत म्हणजे शांताराम लहानपणी काही काळ याच गंधर्व मंडळीत मुलगा म्हणून होते. आता तो मुलगा खुर्चीत आणि मालक कॅमेऱ्यासमोर. सिनेमात 'वन्समोअर' नसतो. शॉट किती लांब हे दिग्दर्शक ठरवतो, प्रेक्षक ठरवत नाही. ही भागीदारी एका चित्रपटाच्या पुढे गेली नाही. त्या चित्रपटाचे संगीतकार मास्टर कृष्णराव, भास्करबुवांचे शिष्य आणि गंधर्व मंडळीचेच, पुढे 'प्रभात'मध्ये रमले. आणि टेंबे? ते तर आधीच तिथे पोचले होते. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', त्यात संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही टेंबेच. चाल देणारा माणूस शेवटी स्वतःच नायक म्हणून पडद्यावर उभा राहिला.

इथे कुणी म्हणेल की मग फुटणं वाईटच म्हणायचं. तसं मला वाटत नाही. उलटा हिशोबही मांडून बघू. १९१३ ला हे तिघे गेल्यावर किर्लोस्कर मंडळीला पुन्हा गळा हवा होता. गोव्याच्या मंगेशीचा दीनानाथ नावाचा कोवळा मुलगा त्यांना मिळाला. १९१८ मध्ये तोही फुटला, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर 'बळवंत संगीत मंडळी' काढली. हेच मास्टर दीनानाथ मंगेशकर.

आणि ही वाट पुन्हा खान्देशात येते. तापीकाठचं थाळनेर, आत्ताच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात. फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. तिथल्या हरिदास शेठ लाड यांच्या मुलीशी १९२२ मध्ये दीनानाथांचं लग्न झालं, आणि ती वारल्यावर १९२७ मध्ये तिच्या धाकट्या बहिणीशी. या धाकट्या बहिणीची मोठी मुलगी म्हणजे लता. आजीकडून ऐकलेले गुजराती गरबे लताबाईंना थाळनेरकडूनच मिळाले. १९१३ ला बँड फुटला नसता तर किर्लोस्करमध्ये दीनानाथांना जागा झाली असती का? झाली असती तरी एवढी मोठी झाली असती का? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो हे मान्य. पण एका फुटीतून दुसऱ्यासाठी दार उघडतं, एवढं तरी दिसतंच.

म्हणून फुटण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न मागे उरणाऱ्याचा आहे. जाणारे आपापला रस्ता काढतात. टेंब्यांनी काढला, दीनानाथांनी काढला. बोडसांनी 'माझी भूमिका' आणि टेंब्यांनी 'माझा जीवनविहार' लिहून आपली बाजू कागदावर ठेवली. उरतो तो गळा, भोवती टाळ्या, आणि टाळ्यांमध्ये एकही विरोधी सूर नाही. आमच्या क्षेत्रातही हे बघायला मिळतं. कोड रिव्ह्यूमध्ये खोड्या काढणारा सीनियर नोकरी सोडून जातो तेव्हा टीमला आधी हायसं वाटतं. सगळं भराभर पास व्हायला लागतं. सहा महिन्यांनी प्रॉडक्शनला काय होतं ते सांगत बसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान' हा सुबोध भावेचा चित्रपट आला, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. तिघांची टीम, आणि नावही तिघांचं! मला ते नाव वाचून बरं वाटलं. यूट्यूबवर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आहेत, खरखर खूप आहे, पण ऐका. पहिल्यांदा गळा ऐका, त्याला पर्याय नाही. दुसऱ्यांदा चाल ऐका आणि मनात म्हणा: टेंबे, किंवा बखले. तिसऱ्यांदा, जमलं तर, त्या वेळी रंगमंचावर एका बाजूला उभ्या असलेल्या, गाणं संपायची वाट बघणाऱ्या बोडसांचाही विचार करा.